कडुनिंबाआडच्या सासूबाई

सुभेदार शामराव घोरपडे (निवृत्त) यांनी अठ्ठावीस वर्षं फौजेच्या सिग्नल खात्यात काढली होती. बर्फात, वाळूत, दलदलीत, आणि एकदा तर एका अडेलतट्टू खेचराला हाताशी धरून त्यांनी तारा ओढल्या होत्या, अँटेना उभ्या केल्या होत्या आणि साहेबलोकांचा आवाज जिथं पोचायला हवा तिथं पोचवला होता. आपण लावलेला सिग्नल आला नाही असं एकदाही घडलं नाही, असं ते सांगत. हे खोटं पाडू शकेल असं जयपुरात कोणी नव्हतं. खेचर तर केव्हाच वारलं होतं.

एवढी सेवा करूनही एका व्यक्तीच्या लेखी शामराव शिपाई नव्हतेच. ती व्यक्ती म्हणजे त्यांच्या सासूबाई. भागुबाई, मुक्काम खटाव तालुक्यातलं एक गाव. भागुबाईंना दोन जावई आणि दोघेही फौजी. थोरले आप्पासाहेब पायदळात होते. बंदूक घेतलेला त्यांचा फोटो सासुरवाडीच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींना खेटून लागला होता. शामरावांनीही लग्नानंतर आपला फोटो पाठवला होता. त्यात ते तारेच्या रिळावर एक पाय ठेवून, छाती काढून उभे होते. भागुबाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "बंदूक कुठं हाय?" साधना, म्हणजे शामरावांची बायको आणि भागुबाईंची धाकटी लेक, म्हणाली, "त्यांचं काम तारेचं असतं, आई." त्यावर भागुबाई मोठ्या मनानं म्हणाल्या, "असू दे, असू दे." आणि फोटो ट्रंकेत गेला. त्या 'असू दे'ला एकतीस वर्षं झाली होती, पण शामरावांच्या कानात ते अजून ताजं होतं.

निवृत्तीनंतर घोरपडे कुटुंब जयपुरातच राहिलं. शेवटचं पोस्टिंग इथलं, साधनाची शाळेतली नोकरी इथली, विद्याधर नगरात छोटंसं बैठं घरही झालेलं. गावी जायचं ते 'पुढल्या वर्षी', असं म्हणता म्हणता अशी नऊ पुढली वर्षं होऊन गेली होती. आणि यंदा भागुबाई, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच लेकीकडे जयपूरला यायच्या होत्या. त्यांच्या आधी त्यांची बातमी आली. सरकारी मराठी वाहिनीची माणसं दिवाळीत गावात येऊन भागुबाई वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, कशी शिवतात याचं शूटिंग करून गेली होती, आणि तो कार्यक्रम पाडव्याच्या दिवशी दुपारी चार वाजता लागणार होता. भागुबाई पाडव्याला असणार होत्या जयपुरात.

"मग काय करायचं?" साधना म्हणाली. "इथं केबलवर मराठी लागत नाही. केबलवाले भैया म्हणतात, मराठी कोणी मागतच नाही."

पुण्याहून रुचितानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, फोनवर सुचवलं की कार्यक्रम नंतर कधीतरी इंटरनेटवर येईलच, तेव्हा आजीला मोबाईलवर दाखवा. शामरावांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. भागुबाईंच्या एकाच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांना मोबाईलवर स्वतःचा चेहरा आणि हरभऱ्याचा दाणा यांत फरक कळला नसता. घरातला टीव्ही फौजी कॅन्टीनमधून आणलेला होता, त्याला इंटरनेट ठाऊक नव्हतं. आणि मुख्य म्हणजे, सिग्नलमधल्या माणसानं दुसऱ्याच्या सिग्नलवर अवलंबून राहायचं? सासूबाईंना त्यांचं दर्शन घडवायचं तर ते आपण स्वतः, आपल्या गच्चीवरून, आपल्या डिशमधून घडवायचं. एकतीस वर्षांचा हिशेब एका दुपारी पुसायची ही संधी होती. सरकारी वाहिन्या फुकट दाखवणारी डिश मिळते, तीत मराठी वाहिनीही असते, एवढी माहिती त्यांनी काढली आणि दोन मार्चच्या सकाळी डिश गच्चीवर बसवली.

बसवणारा माणूस बोलावला नाही. होकायंत्र कपाटातून निघालं. शामरावांनी आग्नेयेकडे तोंड करून, एक डोळा मिटून, डिश अशी काही लावली की पहिल्याच फटक्यात पडद्यावर आकडा आला, क्वालिटी चौऱ्याऐंशी. मराठी बातम्या लख्ख दिसल्या. शामरावांनी एक जुनी वही काढली आणि नोंद केली: 'दि. २ मार्च, ०६४० वाजता. क्वालिटी ८४. आकाश स्वच्छ. मनोबल उत्तम.' मग गल्लीत दहा घरं फिरून त्यांनी सगळ्यांना पाडव्याच्या दुपारी चार वाजता श्रीखंड आणि सासूबाई यांचं आमंत्रण दिलं.

डिशच्या बरोबर समोर, शेजारच्या कौशिकजींच्या कुंपणाला लागून एक कडुनिंब होता. त्याची एक दांडगी फांदी घोरपड्यांच्या गच्चीवर आलेली होती. आता कडुनिंब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवागार झुपका येतो. पण मार्चच्या सुरुवातीला जयपुरातला कडुनिंब अगदी उघडाबोडका असतो. शामरावांनी डिश लावली तेव्हा त्या फांद्यांतून आभाळ दिसत होतं. नऊ वर्षं ते त्याच झाडाची सावली उन्हाळाभर खात होते, त्याची पानं दर पाडव्याला गुढीला बांधत होते. पण झाडाला पानं येतात ही गोष्ट त्या सकाळी त्यांच्या ध्यानात आली नाही. ज्या माणसानं आयुष्यभर शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवली, त्याच्या नजरेतून समोरच्या फांदीची हालचाल सुटली.

होळी झाली. फांद्यांना तांबूस पालवी फुटली. वहीतल्या नोंदी पुढीलप्रमाणे आहेत. 'दि. २६ मार्च. क्वालिटी ७१. कारण: केबल सैल. केबल आवळली.' 'दि. २८ मार्च. क्वालिटी ६०. कारण: कबुतर (संशयित).' 'दि. ३० मार्च. क्वालिटी ४९. कबुतर निर्दोष.'

त्याच दिवशी भागुबाई आल्या. प्रवासाचा शीण, पाय धुणं, चहा, आणि सोबत आणलेल्या नव्याकोऱ्या वाकळेचं कौतुक एवढं आटोपल्यावर शामरावांनी त्यांना मोठ्या सन्मानानं टीव्हीपुढच्या खुर्चीत बसवलं आणि रिमोट दाबला. बातम्या देणारा माणूस आला. मग त्याच्या गालाचा एक चौकोन कपाळावर गेला, हनुवटी तीन जागी झाली आणि आवाज उचक्या देऊ लागला.

"जावईबापू," भागुबाई पुढं वाकून म्हणाल्या, "ह्यो मानूस असा वाकळंवानी ठिगळाठिगळांचा का हाय?"

"सिग्नल जरा कमी आहे, मामी."

"तुमचं कामच ते हुतं न्हवं?"

"हो."

"असू दे, असू दे," भागुबाई म्हणाल्या.

शामरावांनी त्या दिवशी वहीत मनोबलाची नोंद केली नाही.

दुसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. गच्चीवर माणूस उभा आहे आणि त्याच्या हातात पाना आहे, एवढं दिसलं की सल्ला द्यायला जयपूरकर जिना विचारत नाही. तो आपल्या गच्चीवरून देतो. कोणी म्हणालं डिशला मागून स्टीलची परात बांधा. कोणी म्हणालं डिश गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्या, तर त्या कोपऱ्यात पाण्याची टाकी होती आणि तिसऱ्यात जिन्याची खोली. डिश गल्लीत उभी करून पाहिली, तर एका गाईनं तिला अंग घासलं. शेवटी बोलले कौशिकजी. हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. जगातल्या कोणत्याही अडचणीच्या मुळाशी पाणी असतं अशी त्यांची श्रद्धा होती. घरात भांडण झालं तरी ते आधी मोटर बघून येत.

"सुभेदार साब, पत्ते आ गए," ते म्हणाले. "पत्ते में क्या है? पाणी. सिग्नल पाणी में मर जाता है."

"कौशिकजी, मैंने पूरी ज़िंदगी सिग्नल देखा है," शामराव म्हणाले. "पत्ता पाव ग्रॅम का होता है."

"एक पत्ता पाव ग्रॅम का. गिनती करके देखो कितने हैं. पूरी टंकी टँगी है आपके सामने."

शामरावांनी हसून विषय उडवला. पण तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली, फांदी बाजूला झुकली आणि खालून साधना ओरडली, "अहो, आला! सत्तर!" फांदी परत आली. "गेला!" असं चार वेळा झालं. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेला पाणीपुरवठा खात्यानं सिग्नल शिकवावा, हा घाव शामरावांनी चहाबरोबर गिळला आणि वहीत लिहिलं: 'शत्रूची ओळख पटली. कडुनिंब.'

एक फांदी तोडली की काम होणार होतं. पण फांदी तोडायची तर कौशिक भाभींना विचारायला हवं. आणि भाभींनी "फांदी" हा शब्द ऐकताच दोन्ही कानांना हात लावले. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाला कांजिण्या आल्या होत्या, तेव्हा नवस बोलून त्यांनी ते झाड स्वतःच्या हातांनी लावलं होतं. तेव्हापासून त्या झाडात शीतला माता राहत होती. "नीम पे तो माताजी बिराजै, भाईसाब," त्या डोळे मोठे करून म्हणाल्या. "टीवी के वास्ते माताजी की बाँह काटोगे?"

असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? शामराव नमस्कार करून परत आले. पण फौजी माणूस पुढून वाट बंद झाली तर बगलेनं जातो. सरकारी परवानगीचा कागद आणला, तर भाभींना आणि मातेला दोघींनाही तो मान्य करावा लागेल, असं त्यांना वाटलं. झाडांच्या परवानग्या जिथं मिळतात त्या कचेरीत ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तीन खिडक्यांवरून चौथ्या खिडकीवर पोचले. तिथल्या बाबूनं छापील अर्ज पुढे केला. फांदी तोडण्याचं कारण या रकान्यात तीनच पर्याय होते: झाड वाळलेलं, झाड धोकादायक, बांधकाम. शामरावांनी खाली रिकाम्या जागेत आपल्या फौजी हिंदीत लिहिलं, 'नीम की डाली के कारण मेरी सासूजी दिखाई नहीं देतीं.'

बाबूनं ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. शेजारच्या टेबलावरच्या बाबूला बोलावून वाचून दाखवलं. मग अत्यंत आपुलकीनं शामरावांना म्हणाला, "साब, लोग तो इसी वास्ते पेड़ लगवाते हैं."

शामरावांनी डिश, क्वालिटी, पाडवा, वाकळ, सगळं समजावून सांगितलं. बाबूनं ते शेवटपर्यंत ऐकलं, कारण जेवणाच्या सुट्टीला अजून अवकाश होता. पाहणी करायला माणूस येईल, तो जूनमध्ये येईल, असं त्यानं सांगितलं. आणि कचेरीत आलेला माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून वृक्षारोपण योजनेतली दोन रोपं शामरावांच्या हातात दिली. सही घेऊन. रोपं कडुनिंबाची होती. ती बघून कौशिक भाभींना इतका आनंद झाला की त्यांनी त्यातलं एक तिथल्या तिथं शामरावांच्या फाटकाशी लावूनही टाकलं.

पाडव्याला आठवडा उरला. तेव्हा आली शीतला अष्टमी. या दिवशी जयपुरात चूल पेटत नाही. आदल्या दिवशी केलेलं गारच खायचं. भाभींचं अख्खं कुटुंब पहाटेच चाकसूला शीतला मातेच्या जत्रेला जाणार, संध्याकाळशिवाय परतणार नाही, हे शामरावांनी दोन दिवस आधीच हेरून ठेवलं होतं. नैतिकदृष्ट्या हे योग्य नाही हे त्यांना समजत होतं. पण एक फांदी, तीही मनगटाएवढी, तीही आपल्याच गच्चीवर आलेली. मातेला इतर शेकडो फांद्या मोकळ्या होत्या. सकाळी आठ वाजता ते करवत टॉवेलात गुंडाळून, शिडी खांद्यावर घेऊन झाडाशी गेले.

झाडाखाली खुर्ची होती. खुर्चीत भागुबाई बसल्या होत्या. त्यांच्या हातात काठी होती, आणि पुढ्यात बुंध्याशी हळदीचं स्वस्तिक, लाल दोरा आणि ताटात ताकात शिजवलेली बाजरीची गार राबडी, गोड पुए, बाजरीची भाकरी मांडलेली होती. भाभींनी जाताना हातवारे करून त्यांच्यावर नैवेद्य राखायची कामगिरी सोपवली होती. दोघींची भाषा एकमेकींना अक्षरानं कळत नव्हती, पण आल्यापासून दोघी रोज तासभर कुंपणाशी बोलत होत्या, आणि प्रत्येकीला दुसरीचं सगळं माहीत झालं होतं.

"जावईबापू, शिडी कशापायी?" भागुबाईंनी विचारलं.

"पानं झटकायला, मामी. धूळ बसलीय."

"आन् टावेलात काय हाय?"

शामरावांनी टॉवेल पाठीमागे नेला. करवतीचं टोक मात्र पुढं राहिलं. भागुबाईंनी ते बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि जावयाची इज्जत राखायला त्यांनी नजर ताटाकडे येणाऱ्या गाईकडे वळवली. "हाट!" त्या ओरडल्या. गाय गेली. शामरावही गेले. त्या दिवशी दुपारी त्यांनी खाली मान घालून गार राबडी खाल्ली.

आता एकच उपाय उरला होता. झाडाला हात लावता येत नाही, तर झाडाच्या वर जायचं. शामरावांनी बारा फुटी लोखंडी पाइप आणला, पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तो गच्चीच्या कठड्याला तारांनी जखडला आणि टोकावर डिश चढवली. क्वालिटी अडुसष्ट. चित्र लख्ख! भागुबाई आत झोपायला गेल्या होत्या, म्हणून त्यांना उठवलं नाही. आठवड्यानं प्रथमच वहीत नोंद झाली: 'मनोबल उत्तम.'

इथं मागच्या वर्षीची एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या पाडव्याला कौशिक भाभींनी साधनाला विचारलं होतं, तुम्ही मराठी लोक दारात हे काय उभं करता? साधनानं सांगितलं होतं: उंच काठी, टोकावर पालथं भांडं, त्याखाली भारी वस्त्र, कडुनिंबाचा डहाळा आणि साखरेच्या गाठींची माळ. भाभींना ही पूजा फार आवडली होती, विशेषतः कडुनिंबाचा भाग. तर यंदा पाडव्याच्या पहाटे भाभी आपल्या गच्चीवर आल्या आणि त्यांना घोरपड्यांच्या गच्चीवर उंच काठी दिसली. टोकावर मोठं थोरलं भांडं. जरा वाकडं, पण भांडंच. त्याच्यावर ना वस्त्र, ना डहाळा, ना माळ. बिचारीच्या घरी पाहुणे, तिला वेळ झाला नसेल! साधनाची खरी गुढी अजून उभारायची होती आणि ती पुढच्या दारात उभी राहणार होती, हे भाभींना कुठून माहीत असणार?

भाभींनी कौशिकजींना उठवलं. दोन्ही गच्च्या लागूनच होत्या. स्टूल आलं, आंबे उतरवायची काठी आली. शामराव दात घासत वर आले तेव्हा डिशवर जरीकाठी लाल चुनरी पांघरलेली होती. डिशच्या पुढच्या दांडीला कडुनिंबाचा भरगच्च डहाळा बांधला होता, चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, बाजारातून खास आणलेली बत्ताशांची माळ झुलत होती, आणि खाली भाभी डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या.

"भाईसाब, हैप्पी पाड़वा," त्या म्हणाल्या.

शामरावांच्या तोंडात पेस्ट होती हे एक बरं झालं. ती थुंकून येईपर्यंत त्यांचा राग उतरला. त्या बाईच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून "ही गुढी नाही, डिश आहे" असं म्हणायचा धीर त्यांना झाला नाही. दुपारी, त्या झोपल्या की हळूच उतरवू, असं त्यांनी ठरवलं. गुढी सूर्यास्ताआधी उतरवतातच.

पण त्यांच्या आधी माकडं आली. जयपूरच्या माकडांना बत्तासा दोन गल्ल्यांवरून कळतो. अडीच वाजता शामराव गच्चीवर आले तेव्हा चार माकडं पाइपवर होती आणि पाचवं, सगळ्यांत वडीलधारं, डिशमध्ये आरामात बसून माळ सोलून खात होतं. त्याच्या डोक्यावर चुनरी होती. भागुबाईंनी अंगणातून वर बघितलं आणि हात जोडले, "मारुतीराया आला जणू." शामरावांनी झाडू उगारला. मारुतीराया दात विचकून, पाइपला शेवटचा हिसडा देऊन निघून गेला. पाइप कमरेत वाकला. डिशनं मान टाकली.

साडेतीन वाजता स्थिती अशी होती. डिश परत जुन्या जागी, फांदीआड. क्वालिटी एकोणतीस. पडदा काळा. खोलीत सतरंजीवर पंचवीस बायका, पुढच्या खुर्चीत नवं लुगडं नेसलेल्या भागुबाई, साधना दुसऱ्यांदा श्रीखंड वाढत असलेली. आणि गच्चीवर बनियनमधले सुभेदार घोरपडे, दंडावर माकडाचा ओरखडा. त्यांना आत जाऊन सांगायचं होतं की जमत नाही. अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते पहिल्यांदा सांगायचं ते सासूबाईंना. त्यांचे पाय जिन्यापाशी जात आणि परत येत.

एवढ्यात भाभी वर आल्या. त्यांना कौशिकजींनी सगळं सांगितलं होतं. पदर कपाळावर ओढून त्या म्हणाल्या, "भाईसाब, गलती म्हारी है." मग त्यांनी झाडाला हात जोडले. "काटने तो आज भी ना दूँ. पर खींच लो. रस्सी से, थोड़ी देर. माताजी को मैं मना लूँगी. बस, छाल न छिले."

साल न सोलता फांदी ओढायची कशी? भाभी खाली गेल्या आणि झाडाला कुरवाळून, बोटांनी दोरीचा काच दाखवून अंगणात आलेल्या भागुबाईंना ते सांगू लागल्या. भागुबाई आत गेल्या आणि लेकीसाठी आणलेली नवीकोरी वाकळ घेऊन आल्या. "दोर रुतंल झाडाला. आदी ही गुंडाळा."

"मामी, नवी आहे ही!" शामराव गच्चीवरून म्हणाले.

"धुता येतीया. घ्या बिगीबिगी."

फांदीला वाकळ गुंडाळली, वाकळेवर दोर बांधला, दोर ओढला. फांदी कुरकुरत बाजूला झाली. आता दोर बांधायचा कुठं? कठडा पाइपनं आधीच हलवला होता. शामरावांनी टाकीच्या नळाकडे पाहिलं मात्र, कौशिकजी आडवे आले. "टंकी को हाथ मत लगाना, साब!" आणि कौशिकजींच्या कमरेत सायटिका. तेव्हा शामरावांनी दोर स्वतःच्या कमरेला एक वेढा दिला, दोन्ही हातांत धरला, टाचा रोवल्या आणि मागे रेलले.

"साधना, आकडा!" ते गरजले. साधना टीव्हीपाशी, कौशिकजी जिन्यात. आकडा खालून वर येऊ लागला. "अड़तालीस! छप्पन! और खींचो, साब! तिरसठ!" आणि मग खोलीतून पंचवीस बायकांचा एकदम आवाज आला. जिन्यातून कौशिकजी नाचत वर आले, "आ गईं! माताजी आ गईं!"

चार वाजून एक मिनिट. कार्यक्रम बावीस मिनिटांचा होता. शामराव दोर धरून उभे राहिले. कडुनिंबाचा मोहोर त्यांच्या डोक्यावर पडत होता. दोरावरून मुंगळे चालत आले आणि मनगटाशी थोडी चौकशी करून बनियनमध्ये शिरले. ऊन तोंडावर होतं. पण जिन्यातून सासूबाईंचा आवाज वर येत होता, अगदी स्वच्छ, एकही उचकी न देता: "जुनेरं आदी धुऊन घ्यायचं, मग थर लावायचं..." शामरावांना तो ऐकताना फार बरं वाटलं. दृश्य दिसत नव्हतं तर नव्हतं. साहेबलोक काय बोलले हे तरी त्यांनी कधी ऐकलं होतं? आपलं काम पोचवायचं.

दहाएक मिनिटं झाली असतील. अंगणात हालचाल दिसली म्हणून त्यांनी मान वळवली. खाली भागुबाई उभ्या होत्या. कपाळावर हात धरून त्या वर बघत होत्या.

"मामी! आत जा! तुम्ही टीव्हीवर आहात!"

"ठावं हाय मला," भागुबाई म्हणाल्या. "माझं त्वांड मी रोज बगते. तुम्ही हलू नका."

आतून भाभी त्यांना शोधत बाहेर आल्या. भागुबाईंनी त्यांचा हात धरला, वर बोट दाखवलं आणि ठसक्यात सांगितलं, "माजं जावई. फौजेत ह्येच करायचं. आपुन हुबं ऱ्हायाचं, म्हंजी दुसऱ्याला दिसतं." भाभींना यातला "फौज" एवढाच शब्द कळला, पण त्यांनी सगळं समजल्यासारखी मान हलवली. मग भागुबाई म्हणाल्या, "तुज्याकडं मोबाईल हाय न्हवं? ह्येंचा फोटू काड. असाच, दोर धरल्याला. भिताडावर लावायचा हाय. आप्पासायबाच्या शेजारी."

हे भाभींना कसं कळलं देव जाणे, पण त्यांनी लगेच फोन काढला. शामरावांना सॅल्यूट ठोकावासा वाटला. डोळे पुसावेत असंही वाटलं. पण दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून त्यांनी नुसती छाती पुढे काढली. फांदी जरा सुटली आणि आतून पंचवीस बायका एकदम ओरडल्या. शामरावांनी दोर पुन्हा खेचला.

तो फोटो आता खटाव तालुक्यात आप्पासाहेबांच्या बंदुकीशेजारी लागलेला आहे. भाभींनी तो अंगणातून, पाल्याच्या फटीतून काढल्यामुळे त्यात डिश आलेली नाही, टाकी आलेली नाही, आणि घर तर नाहीच. फक्त दाट हिरवा पाला, ताणलेला दोर, आणि दोर धरून दात-ओठ खाणारे, दंडावर जखम झालेले सुभेदार. येणारा-जाणारा विचारतो, हे कुठल्या लढाईतलं? भागुबाई सांगतात, "जयपूरच्या." शामरावांनी अद्याप ते दुरुस्त केलेलं नाही.